उपासाचं दळण

हे माझ्या तोंडून कधी निघालेलं नाही. बायको होती तोवर तिला सांगितलं नाही, मठात स्वामींपुढे डोकं टेकलं तेव्हाही नाही. तुम्ही पहिले. तुम्ही कोण, मला माहीत नाही — म्हणूनच कदाचित जमेल. ओळखीचा चेहरा समोर असला की माझी वाक्यं नीट होतात. नीट झाली की ती खोटी होतात. हे मला फार उशिरा कळलं.

किसन जाऊन आज सोळा दिवस झाले. तेराव्याला मी त्याच्या घरी जेवलो. त्याची बायको, रुक्मिणवहिनी, हिनं मला पहिल्या पंगतीत बसवलं आणि वाढता वाढता चार माणसांत म्हणाली, "आप्पा त्या दिशी मधी पडले नसते तर मपलं कुकू तवाच पुसलं असतं. नऊ वरसं मिळाली ती आप्पामुळं."

सगळे माझ्याकडे आदरानं बघत होते. मी पुरीचा तुकडा मोडत होतो. तो खाल्ला. गिळला. घशात अडकला वगैरे काही झालं नाही — पुस्तकात तसं होतं. माणूस किती सहज गिळतो!

त्या दिवसापासून रोज थोडं थोडं लिहितो आहे. दोन ओळी लिहितो, फाडतो. आज फाडायचं नाही, असं ठरवलं आहे.

आमचं गाव गेवराई तालुक्यात, उमापूरच्या पुढे. आम्ही लिंगायत वाणी. तीन पिढ्यांचं किराणा दुकान. मी मराठीत एम. ए. केलं आणि वडील गेल्यावर दुकानात येऊन बसलो. गल्ल्याशेजारी पुस्तक उघडं असायचं, त्याचं गावाला कौतुक. कोणाला नोटीस आली, कोणाला सातबारा कळेना, की आप्पाकडे या. आप्पा म्हणजे मी. मी वाचून दाखवायचो, अर्ज लिहून द्यायचो. माझ्या अक्षरावर लोकांचा देवासारखा विश्वास होता — आणि माझाही. ते आधी सांगून ठेवतो.

अन्न सुरक्षेचा कायदा आला तेव्हा बाजारातले दुकानदार वैतागले. नोंदणी करा, सुटं विकू नका, पुडीवर बॅच नंबर घाला, पॅकिंगची तारीख घाला, मुदत घाला. मला मात्र तो कायदा आवडला. त्यात वह्या होत्या, रकाने होते. मी नियमांचं पुस्तक मागवून पहिल्या पानापासून वाचलं. भगरीच्या पिठाच्या अर्ध्या किलोच्या पुड्या करायला लागलो. वर दुकानाचं नाव, तारीख, सगळं छापलेलं. आसपासच्या गावांतून लोक उपासाला 'आप्पाचं पीठ' मागायला लागले.

ते पीठ दळायचा किसन.

सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. पुढं त्यानं बापाची गिरणी धरली. मी भगर घेऊन गेलो की हातातल्या पुस्तकाकडे बघून म्हणायचा, "हे बी टाक वरून. बारीक काढू का जाडं?" दर वेळी तेच. दर वेळी मी हसायचो. डोक्यापासून पापण्यांपर्यंत पिठानं पांढरा झालेला माणूस, आणि दात काढून हसणारा. त्याचे दात फार चांगले होते. हे मी का लिहितो आहे, ते पुढे कळेल.

शिवरात्रीच्या आधी चार दिवस तो गिरणीवर पाटी लावायचा — आज फक्त उपासाचं. जातं खोलायचा, झाडायचा, धुवायचा, उन्हात वाळवायचा. मग शेरभर भगर दळून ते पीठ गाईला घालायचा, आणि त्यानंतर लोकांचं दळण घ्यायचा. ज्वारीचा एक कण आला तरी उपास मोडतो, अशी इकडची समजूत आहे. बाया येऊन जात्यात बोट फिरवून बघायच्या. किसन म्हणायचा, "बघा, चाटून बघा, मावशे. माझ्या लग्नात बी मी येवढा धुतलेला नव्हतो."

आता पिठाचं सांगतो. हे त्यातल्या त्यात सोपं आहे.

नऊ वर्षांपूर्वी संक्रांतीनंतर अन्न खात्याचे साहेब तपासणीला आले. श्रावणातल्या भगरीच्या पिठाच्या पुड्या गोदामात पडून होत्या, दोन गोण्या भरतील एवढ्या. मुदत कधीच संपलेली. साहेब म्हणाले, हे नष्ट करावं लागेल. भगरीचं पीठ ओल धरतं, त्याला बुरशी येते, आणि ती बुरशी माणसाला झटके आणते, हे मला त्यांच्याइतकंच ठाऊक होतं. त्यांच्या खात्याचं पत्रक माझ्या दुकानाच्या भिंतीवर चिकटवलेलं होतं: पीठ जास्त दिवस साठवू नका. मीच चिकटवलं होतं, खळ लावून.

पंचनामा मी लिहिला. अक्षर चांगलं म्हणून त्यांनीच माझ्या हाती कागद दिला. 'सदर माल समक्ष खड्ड्यात पुरून नष्ट केला.' दोन पंचांच्या सह्या झाल्या, खाली शिक्का बसला. खड्डा अजून खणायचा होता. साहेबांना पुढे दोन गावं करायची होती. "आप्पा, तुमच्यासारखा शिकलेला माणूस असला की काळजी नसते," म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

मी पुरलं नाही.

का? तुम्ही म्हणाल, पैशासाठी. पैशासाठी असतं तर ते सांगायला बरं होतं, लोकांना ते लगेच समजतं. खरं असं आहे की कागदावर लिहून झाल्यावर ते पीठ माझ्या मनातून गेलं. मी लिहिलं म्हणजे झालं. गोण्या कोपऱ्यात उभ्या होत्या आणि मला त्या दिसत नव्हत्या.

शिवरात्रीला तीन दिवस उरले तेव्हा दिसल्या. नवं पीठ कमी पडलं होतं. किसनकडे दळणाची रांग होती. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत चाललं होतं, आणि एक बाई दुसरीला म्हणाली, "आप्पाकडं बी न्हाई." एवढंच. एवढ्या वाक्यासाठी मी भरदुपारी गोदामाचं दार आतून लावून घेतलं आणि जुन्या पुड्या फाडल्या. ओल्या गोणपाटासारखा वास आला. मी पीठ चाळलं. चाळणीत हिरवट गाठी राहिल्या, तंतू आलेल्या. त्या मी बघितल्या. बोटांनी फोडूनही बघितल्या. मग तीन वाटे नवं, एक वाटा जुनं, असं मिसळलं आणि नव्या पुड्यांत भरून नव्या तारखेच्या चिठ्ठ्या लावल्या. चिठ्ठ्या अगदी सरळ लावल्या.

शिवरात्रीच्या दुपारी फराळ झाले. चार वाजायच्या आत पहिली रिक्षा गेवराईच्या रस्त्याला लागली. मग जीप, मग ट्रॅक्टर. माणसं हातपाय झाडत होती. उलट्या थांबत नव्हत्या. अंकुश म्हणून वाळूचा टिप्पर चालवणारा एक दांडगा गडी होता. त्याची म्हातारी आई ट्रॉलीत आडवी पडून अशी थरथरत होती की डोकं फळीवर आपटत होतं, आणि तो ते दोन्ही हातांत धरून ओरडत होता. ती ट्रॉली माझ्या दुकानासमोरून गेली. मी पायरीवर उभा होतो.

मी त्या दिवशी साबुदाणा खाल्ला होता. घरात सगळ्यांना तोच करायला सांगितला होता. का, ते विचारू नका — तुम्हाला कळलं आहे.

संध्याकाळ व्हायच्या आत मी उरलेल्या पुड्या, दोन्ही गोण्या, चाळणीसुद्धा परसात पुरली. खड्डा चांगला खोल खणला.

इथवर जे लिहिलं ते वाचून एखादा दयाळू माणूस म्हणेल, चूक झाली, निष्काळजीपणा झाला. थांबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला लोक दुकानावर आले. तीसचाळीस असतील. काठ्या होत्या, अंकुशच्या हातात पहार होती. मला वाटलं, संपलं. पण ते माझ्यावर आलेच नव्हते! ते मला विचारायला आले होते. अंकुश हात जोडून म्हणाला, "आप्पा, तुमचं पीठ तर कागदावरचं. मंग हे कावून झालं? दळलं कुठं?"

दळलं कुठं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. तरी मला विचारत होते, कारण ते माझ्या तोंडून हवं होतं. मी म्हणालो, "किसनकडं."

हे खोटं होतं का? नव्हतं. तिथवर मी एक शब्दही खोटा न बोलता किती लांब गेलो, ते बघा.

ते गिरणीकडे निघाले आणि मी त्यांच्यासोबत चाललो. खिशात पंचनाम्याची प्रत घेतली होती. कोणी सांगितलं नव्हतं घ्यायला.

किसन पट्ट्याला तेल लावत होता. एवढी माणसं बघून त्याला वाटलं, कोणी वारलं. तो हात पुसत पुढे आला. अंकुशनं त्याची गचांडी धरली.

"कावून बे किसन्या, जोंधळ्यावरच दळलं व्हय उपासाचं?"

"आरं, जातं धुतलं हाय. बायांस्नी इचार की. सोड, शर्ट फाटंल, येकच हाय चांगला."

कोणी तरी हसलं. खरंच हसलं. त्या क्षणी ती गर्दी मोडलीही असती. एकानं फुटलेली पुडी आणली होती, ती किसननं मागून घेतली. चिमूट तळहातावर घेतली, अंगठ्यानं चोळली, हुंगली, जिभेवर ठेवली आणि थुंकली. त्याच्या कपाळावर आठी पडली. आपलं दळण माणसाला कळतं, जसं मला माझं अक्षर कळतं.

"ह्यात मागलं हाय," तो म्हणाला. मग गर्दीत मला शोधून माझ्याकडे बघत म्हणाला, "सिद्राम, ह्यात मागलं पडलं का रं कायी?"

त्यानं आरोप केला नव्हता. मित्र मित्राला विचारतो तसं विचारलं होतं — तुझी छत्री इथं राहिली का, तसं. गर्दी माझ्याकडे वळली. अंकुश म्हणाला, "आप्पा, तुमी सांगा. तुमी सांगाल ते खरं."

मी खिशातून कागद काढला. "मागचं पीठ साहेबांच्या समक्ष पुरलं. हा पंचनामा." शिक्का सगळ्यांना दिसेल असा धरला. निम्म्यांना वाचता येत नव्हतं. शिक्का सगळ्यांना वाचता येतो.

किसन हसला. माझ्या डोळ्यांसमोर आहे ते — पांढऱ्या चेहऱ्यात पांढरे दात. म्हणाला, "कागद तूच लिवला आसंल की, गड्या!"

थट्टाच होती ती. त्याला अजूनही कळलं नव्हतं की आपण कशाच्या समोर उभे आहोत. पण मला वाटलं, आता हा आणखी एक वाक्य बोलेल. एकच वाक्य. आणि ते वाक्य यायच्या आत हे तोंड बंद झालं पाहिजे.

मी काट्याजवळ उभा होतो. हाताशी वजनं होती. अर्ध्या किलोचं लोखंडी वजन मुठीत नीट बसतं, बाहेर दिसत नाही. मी पुढे झालो आणि ते वजन धरलेली मूठ त्याच्या जबड्यावर मारली. सगळ्या ताकदीनं. आयुष्यात मी कोणावर हात उगारला नव्हता. हात इतका तयार कसा होता, ते मला आजही सांगता येत नाही. वाळलेलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. त्याचं तोंड एका बाजूला सरकलं आणि तिथंच राहिलं. दोन दात माझ्या चपलेवर पडले.

पहिला हात माझा. हे कोणाला माहीत नाही. त्यानंतर जे झालं त्याच्याखाली ते झाकून गेलं.

कारण आप्पांनी मारलं, असं कोणाच्या मनातच आलं नाही. पुढच्यांना वाटलं, मी त्याला मागे ढकललं. मागच्यांना एवढंच दिसलं की सुरू झालं. आणि सगळे तुटून पडले. कोणी तरी गिरणीचा पट्टा ओढून काढला आणि त्यानं त्याला झोडलं. तेलाचा पट्टा, अंगावर बसला की चामडी सोबत घेऊन उठत होता. अंकुशनं त्याचा उजवा हात उंबऱ्यावर आडवा धरायला लावला आणि पहार घातली. एकदा नाही. पिठाची पिपं उलथली, सगळीकडे पांढरा धुरळा उडाला आणि त्यात लाल चिखल होत गेला. बायका किंचाळत होत्या. लोक शिव्या देत होते, रडतही होते — दवाखान्यात पडलेल्या आपल्या माणसांची नावं घेऊन मारत होते. ते त्यांच्या माणसांसाठी मारत होते, असं तरी म्हणता येईल. मी?

किसननं पडता पडता मला धरलं होतं. डाव्या हातानं माझ्या गळ्यातल्या लिंगाच्या डबीचा दोरा धरला आणि मला स्वतःवर ओढलं. मी त्याच्या अंगावर पडलो. काठ्या माझ्या पाठीवरही बसल्या, दोन फासळ्यांना तडा गेला. लोकांनी बघितलं ते हे — आप्पा मधी पडले, आप्पांनी आपल्या अंगावर मार घेतला, किसनच्या तोंडावर हात धरून त्याचं तोंड वाचवलं.

तोंडावर हात मी धरला होता. त्याला वाचवायला नाही. त्या मोडक्या जबड्यातून तो काही तरी म्हणत होता आणि मी ते आत दाबत होतो. त्याचं रक्त माझ्या बोटांतून येत होतं. सुटायला मी गुडघा त्याच्या छातीवर रोवला. तो डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होता, अगदी जवळून. त्याच्या पापण्यांवर पीठ होतं.

गेवराईहून पोलीस येईपर्यंत हे चाललं. किती वेळ, मला सांगता येणार नाही.

विषबाधा झालेली सगळी माणसं तिसऱ्या दिवशी घरी आली. सगळी. अंकुशची आई पुढं सहा वर्षं जगली आणि माझ्याच दुकानातून तंबाखू नेत राहिली. नीट झाला नाही तो फक्त किसन.

अन्न खात्याची माणसं आली. माझ्या वह्या तपासल्या. एक खाडाखोड नव्हती. शिल्लक नवं पीठ नमुन्याला नेलं, ते चांगलंच निघालं. गिरणीला मात्र सील लागलं — नोंदणी नव्हती. कायद्यानं लहानशा गिरणीलाही नोंदणी लागते. हे किसनला मीच दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, त्याचे फोटो आणि कागद मागून घेतले होते, 'मी अर्ज भरतो' म्हणालो होतो. ते पाकीट माझ्या खणात होतं. अजून आहे.

मग नऊ वर्षं. जबडा वाकडाच जुळला. त्याला चावता येत नव्हतं. ज्यानं गावाचं दळलं त्याला भाकरी कुस्करून, पाण्यात कालवून, चमच्यानं भरवावी लागायची. उजवा हात काठीसारखा लोंबायचा. बोलायला लागला की ओल्या फडक्यातून आल्यासारखे आवाज यायचे. पोरं त्याची नक्कल करायची. मी दर महिन्याला धान्य पाठवत होतो. गावात माझं नाव आणखी मोठं झालं. सत्कारसुद्धा झाला, शाल घेतली मी. घेतली!

त्यानं सांगितलं नाही का, असं तुम्ही विचाराल. सांगितलं. रुक्मिणवहिनीला त्याचं बोलणं हळूहळू कळायला लागलं होतं. एकदा मी धान्य घेऊन गेलो, तेव्हा ती मला बाजूला घेऊन, पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "आप्पा, वाईट मानू नका. डोक्याला मार लागल्यापून हे तुमचंच नाव घेत्यात. आप्पानं मारलं म्हन्त्यात. देवमानसावर आळ घेत्यात, मला लाज वाटती. म्या म्हन्लं, आवो, तुमच्याच जबाबात लिवलंय की कोन व्हतं ते दिसलं न्हाई म्हनून. आंगठा तुमचाच हाय की."

मी म्हणालो, "असू दे, वहिनी. त्याला त्रास देऊ नका."

आत किसन खाटेवर बसला होता. त्यानं ऐकलं.

तर आता तो जबाब. इथं यायला मला एवढी पानं लागली. पीठ, खोटं, वजन — हे सगळं मी घाबरून केलं, असं अजूनही कोणाला वाटू शकेल. जबाबाच्या वेळी मी घाबरलेलो नव्हतो. शांत होतो. विचार करत होतो.

मारहाणीनंतर आठव्या दिवशी, बीडला, सरकारी दवाखान्यात. सकाळची वेळ, वॉर्डात ऊन आलेलं. हवालदार जबाब घ्यायला आले. किसनचं तोंड तारांनी बांधलेलं, उजवा हात प्लास्टरमध्ये. रुक्मिणवहिनी गावाकडं गेली होती. हवालदारांनी दोन प्रश्न विचारले, किसन बोलला, त्यांना काही कळेना. ते माझ्याकडे वळले. "आप्पा, तुम्ही मित्र. तुम्हाला कळतंय का हा काय म्हणतो? तुम्हीच लिहा, अक्षर बी चांगलं हाय. मी जरा बाहेर फोन करून येतो." त्यांनी फायलीचा पुठ्ठा आणि कोरे कागद माझ्या मांडीवर ठेवले.

आणि मला कळत होतं. एक एक शब्द कळत होता. एका बाकावर सात वर्षं बसलो होतो, तोंडात चिंचा भरून बोललेलंही आम्हाला एकमेकांचं कळायचं. दातांच्या मधून, तारांच्या मधून, थुंकी गळत असताना तो जे बोलला ते मी इथं लिहितो. तेव्हा लिहायचं होतं ते:

"लिव. पीठ मपल्या जात्याचं खराब नव्हतं. त्यात मागलं पडलतं. पयला हात सिद्रामनं घातला. वजन व्हतं त्याच्या मुठीत. मला दिसलं. बाकीच्यास्नी न्हाई दिसलं. अंकुशचा राग न्हाई, त्याची माय मरायला टेकलती. सिद्राम, लिव. तू लिव. तू लिवलं की लोक मानत्यात."

तो दोनदा बोलला. सावकाश, मला लिहायला वेळ मिळावा म्हणून मध्ये थांबत. मी मान हलवत होतो आणि लिहीत होतो. कागदावरून हात फिरताना बघून त्याचे डोळे निवले. त्याला वाटलं, मी लिहितो आहे.

मी लिहिलं: 'गर्दीत मला कोणी मारले ते ओळखू आले नाही. सिद्राम आप्पा मधे पडल्यामुळे माझा जीव वाचला. हा जबाब मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.'

वाचून दाखवला नाही. पण किसन सातवी शिकलेला होता. मी शाईची डबी उघडली तेव्हा त्यानं मान तिरकी करून कागद बघितला आणि ओठ न हलवता सावकाश वाचला. मग त्यानं हात मागे ओढला. एकच हात होता त्याला ओढायला. मी तो मनगटाशी पकडला. तो अंगठा मुठीत दडवत होता. मी एक एक बोट उचकटून तो बाहेर काढला. तारांमागून आवाज येत होता, शेजारच्या खाटेवरचा माणूस बघत होता. मी त्या माणसाला म्हणालो, "वेदना होतात हो त्याला." आणि किसनचा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला, आणि त्यानं हलवू नये म्हणून वरून माझा तळहात ठेवून, हवालदार परत येईपर्यंत तसाच दाबून धरला.